दादासोचा सत्कार

बिद्री
ता. ४ मार्च २००७

चि. सौ. अक्षता हिला बिद्रीहून आज्जीचा जय भीम, आणि बाळीच्या दोन्ही गालांचं मुकं.

हिकडं मी आणि तुझा बाप दोघं बरं हाय. तुला दूध येतंय का, पोट घट्ट बांधतीस का, डिंकाचं लाडू कोण करून घालतंय, सगळं सविस्तर कळव. मामाचा फोन दूध डेअरीवर आला, मुलगी झाली म्हणून. शेजारची चिमणाबाई निरोप घेऊन पळत आली तवा मी भाकरी तव्यावर टाकलेली. ऐकत बसलो आणि भाकरी करपली. चिमणाबाई म्हणली, पणती आली आणि आज्जीची भाकरी करपली. म्हटलं करपू दे की, जन्मभर थापल्या, एक करपली तर चूल काय रुसत न्हाय.

गल्लीत साखर वाटायला निघालो तर परत हीच बया म्हणती, कारखान्याच्या गावात साखर कुणाला वाटतीस, हितं घरोघरी पोती हायत. मग पेढं आणलं. पेढ्यात पण साखरच जास्त हुती, पर गोड लागलं.

बाळीचं कान कसं हायत ते आधी बघ. आपल्या मधाळ्यांचं कान वरच्या अंगाला टोकदार असत्यात. तुझ्या आज्याचं हुतं, तुझ्या बापाचं हायत, तू जन्मलीस तवा सुईणीनं आधी कानच बघितलं आणि म्हणली, बाप कोण ते इचारायला नको.

तुझ्या बापाला सांगितलं, दादासो, तू आजा झालास. त्यो उठून उभा ऱ्हायला आणि टोपी शोधाय लागला. संध्याकाळी परत इचारलं, अक्षताचं काय कळलं का. मी परत सांगितलं. परत टोपी. रोज सांगतो आणि रोज त्याला नव्यानं आनंद हुतोय. आपल्याला आनंद एकदाच हुतो बघ, ह्याला एकाच नातीचा कितींदा झाला. हे चांगलं का वाईट, मला सांगता येत न्हाय, पर बघाय बरं वाटतं.

मी हे वहीच्या कागदावर लिहितोय. शुद्धलेखन तपासू नको. साक्षरतेच्या वर्गात मी क ख ग शिकलो, पर जोडाक्षर तू शिकवलंस, उन्हाळ्याच्या सुट्टीत, त्या चिंचंखाली. क्ष शिकवताना म्हणालीस, आज्जी, हे माझ्या नावातलं हाय, हे चुकायचं न्हाय. अजून चुकलो न्हाय. मागच्या खेपेला म्हणालीस की पुण्यात बायका येतो-जातो म्हणत न्हाईत, येते-जाते म्हणत्यात, तू पण तसं म्हण. आता ह्या वयात माझी जीभ कुठं वळवू. मी आपली येतोच.

लग्नाचं तीन फोटो पाठवलंस ते आलेल्या गेलेल्याला दाखवून कोपरं मऊ झालं. तुझं लग्न घाईत झालं, माणसं मोजकी, बापाला एवढा प्रवास सोसणार न्हाय म्हणून आम्हाला बोलावलं न्हाईस, त्याचं आम्ही काय वाईट वाटून घेतलं न्हाय. फोटोत खुर्च्या बऱ्याच दिसत्यात, पर खुर्च्या काय, हॉलवालं मांडून ठेवत असत्यात. त्यातल्या एका फोटोत कडंला टेबल हाय. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि शेजारी तिसरी एक चौकट. मला काय ते दिसलं न्हवतं. तुझ्या बापानंच बोट ठेवलं, ह्यो मी. बघतो तर खरंच त्यो, ट्रॉलीवरनं पडायच्या आधीचा, दाट केसांचा. तिघांना सारखंच झेंडूचं हार. चिमणाबाईनं नाक मुरडलं, अगं जित्त्या माणसाच्या फोटोला कोण हार घालतंय. म्हटलं बाबासाहेबांच्या शेजारी ठेवल्यावर त्याला एकट्याला बोडका ठेवतील काय. पुण्याची पद्धत असंल. तुझ्या बापाला तर इचारू नको. त्यो म्हणतोय, माझा सत्कार झाला, लेकीच्या लग्नात माझा सत्कार झाला. फोटो उशीखाली घेऊन झोपतोय.

आता एक तक्रार. ती तुझ्याकडं का करतोय ते ठाऊक न्हाय, पर दुसरं कोण हाय मला.

मुबशिराबाई यायची बंद झाली. कोल्हापूरच्या दवाखान्यातली, दर वर्साला फेब्रुवारीत येणारी ती. एका फेब्रुवारीत तू आलतीस तवा तिला बघितलीयास, तिच्याकडचा रंगीत पेन मागून घेतलातास. डोक्याला मार बसलेली माणसं वाचली तर पुढं दहा वर्सांनी, पंधरा वर्सांनी कशी जगत्यात, ह्याचा त्यांचा अभ्यास चाललाय. आपल्यासारखी लई घरं हायत त्यात, पार बेळगावपतुर. चौऱ्याण्णव साली तुझा बाप उसाच्या ट्रॉलीवरनं पडला तवा तू चौथीत हुतीस. डाक्टर म्हणलं हुतं, काय सुधारायचं ते दोन वर्सांत सुधारंल, मग जे हाय ते हाय. आणि ह्यानं नवव्या वर्साला शर्टाची बटणं स्वतःच्या हातानं लावली. मुबशिराबाईनं ते लिहून घेतलं आणि बटणं परत उघडून लावाय लावली, खात्री कराय. लावली की त्यानं. त्या दिवशी ती दोन चहा प्याली.

ती आधी त्याला इचारती. झोप लागती का, राग येतो का, कामाला जाता का. त्यो म्हणतो सगळं झकास, उद्यापासनं कारखान्यावर जाणार हाय. मग मला सोप्यात घेऊन तेच सगळं परत इचारती. मी खरं सांगतो. म्हटलं, बाई, दोन तोंडांची दोन उत्तरं, तुम्ही कुठलं धरता? ती म्हणली, आज्जी, दोन्हीतलं अंतर धरतो.

आणि ती पाच शब्द सांगायची. थोड्या वेळानं परत म्हणून दाखवा म्हणायची. पहिल्या वर्साला त्याला एक पण आला न्हाय. त्याचं तोंड एवढंसं झालं. मग आम्ही दोघांनी मनावर घेतलं. वर्सभर रोज दिवे लागायच्या वक्ताला मी म्हणायचो, त्यो माझ्या मागनं म्हणायचा. पाढं पाठ करत्यात तसं. पुढच्या वर्साला बाई आली, तिनं नवं पाच शब्द सांगितलं, आणि ह्यानं छाती काढून मागच्या वर्साचं पाच म्हणून दाखवलं. मला काय ठाऊक, दर वर्साला पेपर बदलतोय म्हणून. बाई हसली, मग हसायची थांबली, आणि ते पण लिहून घेतलं. म्हणली, ह्याला आमच्याकडं मार्क न्हाईत, पर मी लिहिणार. तवापासनं दर साल असंच. ती नवं देती, त्यो जुनं देतो.

शेवटची ती आली दोन वर्सांखाली, तुझं लग्न झाल्या झाल्या. चिमणाबाईचा फोन रस्त्याच्या खुदाईत तुटलेला, म्हणून तिनं दुसरा कुठला नंबर हाय का इचारलं. मी तुझ्या सासरचा दिला. मोठ्या ऐटीत दिला, माझ्या नातीच्या घरात फोन हाय म्हणून. त्यानंतर मागचा फेब्रुवारी गेला, ह्यो पण गेला. त्यो रोज दाराशी बसतो आणि शब्द म्हणतो. म्हणतो, पाठ झालंय, बाईला सांग. दोन वर्सं झाली त्याच पाच शब्दांना. मला तिचा राग आलाय. आपल्या घरात येऊन एवढं सगळं इचारायचं, बाप लघवीला उठतो का इथपतुर, आणि मग तोंड दाखवायचं न्हाय, ही कुठली रीत. तिला मी लेक म्हटलं हुतं. आता मीच त्याला घेऊन कोल्हापूरला जाणार हाय आणि तिला चार शब्द सुनावणार हाय. तिनं पाच दिलं, मी चार देतो.

बाळीला कुंची शिवलीय. लाल खणाची, आतनं माझ्या जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर. बारसं कधी ते कळव. मी आणि दादासो दोघं येतो. त्याला मी खिडकीजवळ बसवीन, एस्टीत झोप लागती त्याला, तरास देत न्हाय. घुगऱ्या हितनंच करून आणतो, पुण्याच्या हरभऱ्याला चव नसती.

तू सांगितल्याप्रमाणं पत्र मामाच्या पत्त्यावर टाकतोय. सासरी टाकलं तर हरवतं म्हणालीस. आणि फोन पण करत न्हाय, सासूबाईंची झोपमोड नको.

बाळीच्या कानांचं नक्की कळव.

तुझी आनंदानं फुगलेली आज्जी
बायडाबाई मधाळे


बिद्री
ता. २१ मार्च २००७

चि. सौ. अक्षता हिला आज्जीचा जय भीम.

आम्ही बरं हाय. ऊन वाढलंय. कारखान्याचा पट्टा अजून पडला न्हाय, गाळप चालूच हाय, राख उडती ती वाळवणावर बसती. चिमणाबाईची म्हस गाभण हाय असं ती पाच महिनं सांगतीया, म्हशीला त्याचा पत्ता न्हाय. तिला म्हटलं, म्हशीला तरी इचार. तर अशा गमती.

कुरडया केल्या. ह्या वर्साला बऱ्या झाल्या. तुला पाठवणार हुतो.

मागच्या गुरवारी कोल्हापूरला गेलतो. एस्टीत गर्दी न्हवती. दादासोला खिडकी मिळाली. भोगावती आली तवा पुलावर त्यानं हात जोडलं, लहानपणापासनं जोडतो, ते त्यो इसरला न्हाय. शेजारी एक पावणा बसलेला, त्यानं इचारलं, आज्जी, ह्यांना कुठं न्यायलाय? मी म्हटलं, भांडाय. पावणा सरकून बसला.

स्टँडवर त्याला वडा घेतला. शर्टावर सांडलं, पुसलं. म्हटलं, नीट बस, बाईसमोर जायचंय. त्यानं वरचं बटण लावलं. सगळी बटणं लावून गेलता त्यो, अक्षता. हे मला सांगाय हवं.

दवाखान्याचा जिना चढताना त्याचा डावा पाय अडतो, म्हणून मी हात धरलेला. मुबशिराबाई आत पाठमोरी हुती. मी दारातनंच चढ्या आवाजात म्हटलं, काय बाई, आमच्या घराची वाट इसरलीस? ती वळली, मला बघितलं, आणि तिचं तोंड रडवेलं झालं. हात पुढं करून माझ्याकडं यायलीया, तवर माझ्या मागनं दादासो आत आला. त्याला बघितलं आणि ती खाली बसली. खुर्ची न्हवती तिथं. भुईवर बसली.

दादासो म्हणला, बाई पडली, पाणी द्या. आणि मग त्याला त्याचं काम आठवलं. सरळ उभा ऱ्हायला आणि म्हणला, खिडकी, घोडा, मीठ, पूल, चादर.

पाचच्या पाच, ओळीनं. बाई तोंडावर पदर दाबून रडाय लागली. त्यो माझ्याकडं बघून हळूच म्हणला, "म्हातारे, नापास झालो का काय?"

तिनं त्याला खुर्चीत बसवलं, चहा सांगितला, आणि मला बाहीर घेऊन गेली. माझं चार शब्द तोंडातच ऱ्हायलं. ती म्हणली, आज्जी, आमच्याकडं दादासो वारले म्हणून नोंद हाय. मागच्या वर्साला बाई बाळंतपणाच्या रजेवर हुती. तिच्या जागी आलेल्या मुलीनं आम्हाला यायचा दिवस ठरवाय फोन लावला. चिमणाबाईचा लागला न्हाय. मग दुसरा नंबर लावला. परत कामावर आल्यावर बाईला ते कळलं, आणि तिचा आमच्या दारात यायचा धीर झाला न्हाय. म्हणली, तुमच्या तोंडाकडं कशी बघू, रिकाम्या सोप्याकडं कशी बघू, म्हणून आज येतो उद्या येतो करत ऱ्हायलो. त्यासाठी तिनं माझं पाय धराय घेतलं. मी धरू दिलं न्हाईत.

दुसरा नंबर कुणाचा ते तुला ठाऊक हाय.

अक्षता, मी तुझ्यासाठी त्या बाईशी भांडलो. तिथंच, सगळ्या लोकांदेखत. म्हटलं तुमची लाईन खराब, तुमची पोरगी बहिरी, आमच्या पोरीनं बाप आजारी हाय म्हटलं असंल, ह्यांनी गेला लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या बापाचं ह्याच्या नावावर घातलं असंल. मुबशिराबाई ऐकून घेत हुती. मग म्हणली, "आज्जी, कधी वारले असं विचारल्यावर तिकडनं उत्तर आलं, चौऱ्याण्णव साली. आमच्या मुलीला वाटलं, ऐकण्यात चूक झाली."

चौऱ्याण्णव साल दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार.

मी हे पत्र पाच दिस लिहितोय. म्हशीचं लिहितो आणि थांबतो.

घरी येऊन फोटो परत बघितलं. चिमणाबाईच्या चष्म्यानं बघितलं. तुझ्या आईच्या कपाळावर टिकली न्हाय, गळ्यात काय न्हाय. खुर्च्यांत माणसं हायत, शेवटपतुर भरलेली. आणि त्यो हार. पुण्याची पद्धत न्हवती ती, आपलीच पद्धत हाय, मलाच दिसली न्हाय. चिमणाबाईला पहिल्याच नजरंत दिसली. सासरी पत्र नको, दुपारी फोन नको, बापाला प्रवास नको. एकेक गोष्ट मी किती कौतुकानं ऐकली. लोकांना सांगितलं, आमची अक्षता लई समजूतदार, बापाच्या जिवाला जपती.

तुझी आई तुला घेऊन पिंपरीला मामाकडं गेली तवा मी तिला शिवी दिली न्हाय. तरणी पोर हुती, नवरा बिछान्यात भिंतीला डोकं मारत हुता, ती किती दिस काढणार. मीच तिची पिशवी भरून दिली. तिचं मला काय न्हाय. तुझं हाय. तू दर सुट्टीत यायचीस. त्याच्या ताटातलं खायचीस. त्याला चप्पल घालाय तू शिकवलंस, डावी कुठली उजवी कुठली, चपलंला लाल दोरा बांधून. त्यो दोरा अजून हाय. चपला दोनदा बदलल्या, दोरा तुझाच हाय.

तू का केलंस ते मला कळतंय. मी अडाणी असलो तरी एवढं कळतं. सासरच्यांना वाटलं असतं, हिच्या बापाला वेड हाय, उद्या पोरांत उतरंल. कुणी इचारलं असंल, बाप काय करतो, आणि तुझ्या तोंडातनं निघून गेलं असंल. मग एकदा गेला म्हटल्यावर परत आणायचा कसा. आणि फोन आला तवा सासू समोर बसली असंल. सगळं धरलं मी. पर मुबशिराबाईला इचारून आलोय, डोक्याला बसलेला मार पोरांत उतरत न्हाय. ट्रॉली रक्तात येत न्हाय. उतरतात ते कान.

आणखी एक. ती दर वर्साला मला शेवटी इचारायची, आज्जी, हा माणूस पहिल्यासारखा आहे का? मी दर वर्साला न्हाय म्हटलंय. खोटं कधी सांगितलं न्हाय. तुला खांद्यावर घेऊन जत्रंत नेणारा, कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना हसवणारा, त्यो चौऱ्याण्णवला गेला, ते खरं हाय. त्याच्यासाठी मी पण रडलोय, तू झोपल्यावर. त्याचं सुतक तू धरलंस तर मी तुला काय बोलणार. पर दवाखान्यातनं जो घरी आला त्यो पण कुणीतरी हाय की. त्याला मी परत घास भरवला, परत चालाय शिकवलं, परत बोलाय शिकवलं. सगळ्यांची लेकरं एकदा वाढत्यात, माझं दोनदा वाढलं. गेलेल्याचा हार तू ह्याच्या गळ्यात कसा घातलास? ह्यानं तुझं काय केलं हुतं? ह्यो तर तुझं नाव एकदा पण इसरला न्हाय. माझं इसरतो. कधी मला आक्का म्हणतो, कधी पावणं म्हणतो. तुझं नाव मात्र पाठ न करता येतं त्याला.

मुबशिराबाईनं तिथल्या तिथं त्याला जित्ता लिहिला. मी तिला म्हटलं, थांब, त्याच नंबरला परत फोन लाव, तिची सासू घरात असंल अशा वक्ताला लाव, आणि माझ्या नातीला इचार, तुझा बाप हाय का न्हाय. बाई म्हणली, "न्हाय आज्जी. त्यासाठी हा अभ्यास न्हाय. मी त्यांना डोळ्यांनी बघितलं, तेवढं पुरं." मग तिनं त्याला नवं पाच शब्द दिलं. त्यो म्हणला, पाच नको, सहा द्या, मला येत्यात.

चिमणाबाईला मी सांगितलं. सांगणार न्हवतो, पर माझं तोंड बघून तिनं काढून घेतलं. ती म्हणली, तूच लाव फोन, नंबर हाय की तुझ्याकडं, सांग सासूला, तुमच्या सुनंचा बाप हितं भाकरी खातोय. मी डेअरीपतुर गेलतो. फोन हातात घेतला हुता. मग ठेवला. तुला उघडं पाडून मला काय मिळणार. माझ्या तोंडानं जित्ता झालेला बाप तुझ्या घरात किती दिस जगंल. म्हणून हे पत्र पण मामाच्याच पत्त्यावर टाकतोय. सांगायचं तर तू सांग.

मंगळवारी तुझं पत्र आलं. बारसं सात एप्रिलला हाय, आज्जी, तू एकटीच ये, असं लिहिलंयस. बाळीचं कान टोकदार हायत, तेही लिहिलंयस. तेवढी एक ओळ मी कितींदा वाचली.

मी एकटी येणार न्हाय.

घुगऱ्या हरभऱ्याच्या करा, मीठ शेवटाला घाला. कुंची ट्रंकंत ठेवलीय, डांबराची गोळी घालून. बाळी वर्साची हुईपतुर ती बसंल, मी थोडी मोठीच शिवलीय. बाळीला घेऊन हितं ये, तिच्या आज्याच्या हातनं घालू. नवऱ्याला घेऊन ये, न्हायतर एकटी ये, आम्हाला तू एकटी पण चालतीस. आणि न्हाय आलीस तर कुंची तिथंच ऱ्हाईल. मी दुसऱ्या कुणाच्या लेकराला देणार न्हाय आणि तुला पोस्टानं पण पाठवणार न्हाय.

त्याला मी काय सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर सकाळपतुर इसरला असता, आणि मला रोज परत सांगाय लागलं असतं. आनंदाचं चालतं तसं. हे चालत न्हाय.

काल त्यो मागं गोठ्याकडं गेला तवा मी उशीखालचा फोटो काढला. कात्री घेतली. म्हटलं त्या टेबलाचा कोपरा कापून चुलीत घालावा, बाकीचा त्याला ठेवावा. तेवढ्यात त्यो आला आणि माझं मनगट धरलं. जोर हाय अजून हातात. म्हणला, "माझ्या सत्काराला कात्री लावतीस व्हय?"

मी कात्री ठेवली. मग त्यो शेजारी बसला, फोटो गुडघ्यावर पुसला, आणि इचारलं, कुणी केला गं सत्कार. मी म्हटलं, तुझ्या लेकीनं. म्हणला, तिला कळवलंस का, आवडला म्हणून? म्हटलं, न्हाय. तर मला रागं भरला. म्हणला, एवढ्या लोकांसमोर तिनं माझा मान केला आणि आपल्या घरातनं साधं आभाराचं पत्र न्हाय, लोक काय म्हणतील. आत्ताच्या आत्ता लिही. मी सही करतो.

म्हणून लिहितोय.

तुझ्या बापानं हारासाठी आभार मानलंत.

बायडाबाई

दादासो मधाळे
(सही त्याचीच हाय.)